दाराआडची छत्री

सप्रेम नमस्कार,

माझं वय ४६. दीड वर्षापूर्वी आई गेली. त्याआधी तीन वर्षं ती अंथरुणाला खिळून होती आणि मी तिच्यापाशी. त्या काळात माझी एक मैत्रीण सावलीसारखी सोबत राहिली. हॉस्पिटलात रात्री जागली, माझ्या वाटची धावपळ केली, मी ओरडले तर ऐकून घेतलं. आता तिचा फोन आला की मी उचलत नाही. भांडण झालेलं नाही. का उचलत नाही ते मलाच कळत नाही.

आई होती तेव्हा मी रोज देवाशी बोलायची. खरं सांगायचं तर मागायचीच. ती गेली आणि बोलणं बंद पडलं. राग आहे असंही नाही, सगळं कोरडं झालंय.

सगळे म्हणाले, जरा फिरून ये, बरं वाटेल. अनोळखी लोकांच्या गटाबरोबर बारा दिवसांची सहल केली. डोंगर पाहिले, नद्या पाहिल्या, फोटो काढले. आत काही हललं नाही. एका रात्री पावसात बस बंद पडली तेव्हा जवळच्या वस्तीतल्या एका कुटुंबाने आम्हा चौघींना घरात घेतलं. स्वतः बाहेरच्या खोलीत जमिनीवर झोपले. मी रात्रभर एकच विचार करत होते, सकाळी यांना किती पैसे द्यायचे. दिले तर घेतले नाहीत. उलट निघताना त्या घरच्या आजींनी माझ्या हातात छत्री दिली. ती अजून माझ्या दाराआड उभी आहे. दिसली की अपराधी वाटतं.

मग कृतज्ञतेची वही झाली. रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. तीन आठवडे लिहिलं. शेवटी शेवटी 'पंखा चालू आहे' असं लिहायला लागले, तेव्हा बंद केलं. मग कोणीतरी म्हणालं, सेवा कर, म्हणजे आपण किती सुखी आहोत ते कळतं. दोन रविवार वृद्धाश्रमात गेले. एका आजींचा हात हातात घेतला आणि मनात आलं, बरं झालं मी इथे नाही. स्वतःची किळस आली. पुन्हा गेले नाही.

प्रवास झाला, सेवा झाली, मैत्रीण तर आधीपासून आहेच. तरी ना कृतज्ञता वाटते, ना श्रद्धा परत येते. मी कृतघ्न आहे का?

— कोरडी


प्रिय 'कोरडी',

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही. कृतघ्न माणसाला दाराआडची छत्री दिसत नसते. तो ती पहिल्याच पावसात वापरतो, कुठेतरी विसरतो आणि मोकळा होतो. तुम्हाला ती रोज दिसते आणि रोज टोचते. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या छत्रीपाशीच अडले. बस बंद पडल्याची रात्र तुम्ही जाता जाता, पाचसात वाक्यांत उरकली आहे. मला मात्र वाटतं, तुमचं खरं पत्र तेवढंच आहे.

आधी थोडं शब्दांविषयी बोलू द्या, खोडच आहे मला ती. 'कृतज्ञ' आणि 'कृतघ्न' यांची सुरुवात एकच आहे: 'कृत', म्हणजे कोणीतरी केलेलं. पुढे एकात ते जाणणारा आहे आणि दुसऱ्यात ते मारून टाकणारा. वाटण्याबिटण्याचा उल्लेख दोन्हीकडे नाही. आपण उपकारांची जाण 'ठेव' असं म्हणतो, जाण 'वाटू दे' असं कोणी म्हणत नाही. छातीत काहीतरी दाटून येणं, डोळे भरणं, हे कधी होतं, कधी होत नाही, पावसासारखं. तुम्ही दीड वर्ष त्या पावसाची वाट पाहताय आणि तो आला नाही म्हणून स्वतःला बोल लावताय. जाण तर तुमच्यापाशी हवी त्याहून जास्तच आहे. मैत्रिणीने काय काय केलं ते तुम्हाला आठवतं. ती माणसं जमिनीवर झोपली तेही, त्या काळोखात आणि तशा मनःस्थितीत, तुमच्या नजरेतून सुटलं नाही.

अडलंय ते घेण्यापाशी.

तीन वर्षं तुम्ही आईच्या उशाशी होतात. औषधांच्या वेळा, तपासण्यांच्या तारखा, बिलं, रजा, आज रात्री कोण थांबणार, उद्या कोण. असं घर हिशोबावर चालतं, आणि चालवावंच लागतं, कारण हिशोब चुकला तर काय होईल याची धास्ती असते. काम संपलं म्हणून ही सवय सुटत नाही. आणि त्या हिशोबात तुम्ही सदैव देणाऱ्या बाजूला होतात. घेणाऱ्या बाजूला बसायची वेळ आली ती मैत्रिणीपुढे, तीही नाइलाजाने, रात्री-अपरात्री, स्वतःचा स्वतःला राग येत असताना. आपल्या भाषेत उपकारांचं ओझं होतं, उपकारांखाली माणूस दबतो, मग उतराई व्हायला धडपडतो. 'आभार' या शब्दातसुद्धा भार बसलेलाच आहे. तुम्हाला तो भार पुरेपूर जाणवतोय. ज्याला जाण नाही त्याला तो कसा जाणवेल?

देशाटनाने आणि पंडितमैत्रीने चातुर्य येतं, असं लहानपणी आपल्याकडून पाठ करून घेतलं. येत असेल. पण कृतज्ञता येते असं त्यात कुठे म्हटलेलं नाही, आणि 'जरा फिरून ये, बरं वाटेल' म्हणणाऱ्यांनी तुमच्या सहलीवर भलतीच जबाबदारी टाकली. देखावा दोन दिवस पुरतो. तिसऱ्या दिवशी त्याच डोंगराकडे पाठ करून माणूस चार्जर शोधत असतो. मनाला सवय लवकर लागते, आणि चांगल्याची तर फारच लवकर. तुमच्या आत काही हललं नाही, त्यात तुमचाही दोष नाही आणि डोंगराचाही नाही.

प्रवासात एक वेगळी गोष्ट मात्र होते, जी सहलीच्या माहितीपत्रकात छापलेली नसते. घरी आपण समर्थ असतो. कोणतं बटण कोणता दिवा लावतं ते अंधारातही हाताला ठाऊक असतं. परक्या ठिकाणी तोच माणूस दुसऱ्याला विचारल्याशिवाय पाणीसुद्धा पिऊ शकत नाही. रस्ता कळत नाही, बोली कळत नाही, कोणावर विश्वास ठेवावा ते कळत नाही, आणि ठेवल्यावाचून पाऊल पुढे पडत नाही.

मी तिशीत असताना एकदा एकटीच फिरायला गेले होते. एका टेकडीच्या पायऱ्या उतरताना पाय मुरगळला. घोटा बघता बघता सुजला आणि खाली अजून शेकडो पायऱ्या. एक माणूस समोर येऊन थांबला. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला. त्याने काही न बोलता माझी पिशवी खांद्याला लावली आणि हात पुढे केला. मी हात धरला. पण दुसऱ्या हाताने पिशवीचा बंद काही सोडला नाही. अर्धा तास आम्ही तसेच उतरत होतो, पिशवी त्याच्या खांद्यावर आणि बंद माझ्या मुठीत. त्याला ते दिसत होतंच. खाली आल्यावर त्याने पिशवी माझ्यापुढे ठेवली, एक गाडी थांबवून दिली, आणि पुन्हा पायऱ्या चढायला लागला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की हा मुळात वर चालला होता.

तुम्ही पैशांचा आकडा धरून बसलात, मी पिशवीचा बंद. मला त्या माणसाबद्दल बरं काही वाटायला लागलं ते जवळजवळ वर्षभराने. तोवर नुसती लाज होती. म्हणून तुमच्या अपराधीपणाला मी फारशी घाबरत नाही. तो बराच काळ दाराशी उभा राहतो आणि मग कधीतरी वेगळाच चेहरा घेऊन आत येतो. निदान माझ्याकडे तसा आला.

त्या रात्रीबद्दल आणखी एक अंदाज बांधते, चुकत असेन तर सोडून द्या. त्यांनी पैसे नाकारले तेव्हा तुम्हाला थोडा रागही आला असेल. पैसे घेतले असते तर तुम्ही गिऱ्हाईक झाला असतात आणि व्यवहार तिथल्या तिथे मिटला असता. त्यांनी घेतले नाहीत ते नाहीतच, वर छत्री देऊन बाकी आणखी वाढवून ठेवली!

मैत्रिणीचंही हेच आहे, फक्त तिथली बाकी डोंगराएवढी. तिला काय देणार? कितीही दिलं तरी पुरणार नाही, म्हणून फोनच नको. पण मला त्यात दुसरंही काही दिसतं. तीन वर्षं तुम्ही दोघी एकाच विषयावर बोलत होतात: आईचा ताप, आईचं जेवण, डॉक्टर काय म्हणाले. आई गेली आणि विषय संपला. शिवाय तिच्या आवाजाला त्या वॉर्डाचा वास चिकटलेला असणार. फोन वाजला की ती एकटी येत नाही, ते सगळं घेऊन येते. तुम्ही तिला टाळत नसाल, त्या कॉरिडॉरला टाळत असाल. आणि गंमत बघा, तिच्याकडेही तो कॉरिडॉर आहे. तिनेही त्या रात्री काढल्या आहेत, आणि त्याबद्दल बोलायला जगात तिला एकच माणूस आहे, जे फोन उचलत नाही.

तिला लांबलचक आभाराचं पत्र लिहू नका. अशा पत्रात आपण फार शहाणं बोलतो. फोन करा आणि एकच प्रसंग सांगा, अगदी नेमका. पहाटे अडीचला तू माझ्यासाठी मोजे घेऊन आली होतीस, ते अजून आहेत. असं काहीतरी, तुम्हाला खरंच आठवणारं. फोन का उचलत नव्हते ते कळत नाही, असं जे मला लिहिलंत तेच तिलाही सांगा. अवघडल्यासारखं होईल या भीतीने माणसं हे टाळतात. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये नेमकं हेच तपासलं. त्यांनी लोकांना आपल्या आयुष्यातल्या एखाद्या माणसाला कृतज्ञतेचं पत्र लिहायला लावलं आणि ते मिळाल्यावर त्या माणसाला कसं वाटेल याचा अंदाज विचारला. मग ज्यांना पत्रं गेली त्यांनाच विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा वाचणारे कितीतरी जास्त सुखावले होते, आणि अवघडले होते ते बरंच कमी. लिहिणारे शब्द बरोबर जमले की नाही या काळजीत होते. वाचणाऱ्यांपर्यंत त्यातली माया पोचली होती.

त्यानंतर आणखी एक करा, ते जास्त कठीण आहे. तिच्याकडे काहीतरी मागा. ती मोठी संकटं निस्तरून झाली, आता एखादी क्षुल्लक गोष्ट. बरोबर चल म्हणा, एक वस्तू आणून दे म्हणा. बाकी असताना पुन्हा उधारी मागणं तुमच्या स्वभावाला झेपणार नाही, म्हणूनच सांगतेय.

वहीबद्दल वाचून मी मोठ्याने हसले, माफ करा. पंखा चालू आहे! वही वाईट नाही, तुम्हाला तिची मात्रा चुकीची सांगितली गेली. या वह्यांमागे जे गाजलेलं संशोधन आहे, रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांचं २००३ सालचं, त्यातल्या पहिल्या प्रयोगात माणसं आठवड्यातून एकदाच लिहीत होती, दहा आठवडे. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या गटाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात तर आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा दिसला आणि तीनदा लिहिणाऱ्यांना दिसला नाही. आणि तुम्ही रोज, तेही तीन-तीन! चौथ्या दिवसापासून ते ऑफिसातलं रजिस्टर झालं असणार.

पुन्हा लिहावंसं वाटलं तर आठवड्यातून एकदा लिहा आणि वाक्याची बांधणी बदला. 'पंखा चालू आहे' या वाक्यात कोणी काही केलेलंच नाही. कोणी काय केलं, असं लिहा. लिफ्टचं दार एका मुलाने माझ्यासाठी धरून ठेवलं. शेजारणीने आवाज न करता खुर्ची सरकवली. आठवड्यात एकही असं सापडलं नाही तर पान कोरं ठेवा, खोटं लिहू नका. आणि आईच्या आजारपणाबद्दल कृतज्ञ राहा, त्याने तुम्हाला खूप शिकवलं, असं कोणी सांगायला आलं तर त्यांना पाणी द्या आणि दारापर्यंत पोचवा. आईबद्दल कृतज्ञता असू शकते, तुम्हाला मिळालेल्या त्या तीन वर्षांबद्दलही असू शकते. आजाराची कसली?

'सेवा कर, म्हणजे आपण किती सुखी आहोत ते कळेल' हा सल्ला मला कधीच पटला नाही. दुसऱ्याच्या दुःखाचा आरसा करायचा आणि त्यात आपलाच चेहरा न्याहाळायचा, असा तो प्रकार आहे. 'बरं झालं मी इथे नाही' हे मनात आलं म्हणून तुम्हाला किळस आली. पण तुम्हाला तिथे पाठवलं होतं ते हे मनात यावं म्हणूनच! तुम्ही नेमून दिलेला धडा चोख शिकलात आणि तो तुम्हाला आवडला नाही. माझ्या लेखी ही तब्येत चांगली असल्याची खूण आहे. शिवाय तीन वर्षं एका खाटेशी काढल्यावर दीड वर्षाच्या आत पुन्हा खाटांच्या रांगेतच कशाला जायचं?

रेड क्रॉस ज्याच्यामुळे उभी राहिली त्या हेन्री ड्यूनांची गोष्ट मला यासाठी आवडते, की तो भलत्याच कामाला निघाला होता. हा एकतीस वर्षांचा स्विस व्यापारी १८५९ च्या जूनमध्ये उत्तर इटलीत पोचला, कारण अल्जीरियातल्या त्याच्या धंद्याचं काम सरकार दरबारी अडलं होतं आणि फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन तेव्हा तिथे लढाईवर होता. त्याला गाठायचं होतं, बस. २४ जूनला सोल्फेरिनोची लढाई झाली आणि जवळच्या कास्तिल्योने गावात हजारो जखमी येऊन पडले. चर्चमध्ये, अंगणांत, रस्त्यांवर. ड्यूनांला वैद्यकी येत नव्हती. तो गावातल्या बायकांबरोबर पाणी द्यायला लागला, जखमा धुवायला लागला, मरणाऱ्यांचे घरच्यांसाठी निरोप लिहून घ्यायला लागला. कोण कोणत्या सैन्याचा, हे विचारायचं नाही. 'तुत्ती फ्रातेल्ली', सगळे भाऊच, असं त्या बायका म्हणत. पुढे १८६२ मध्ये त्याने स्वतःच्या खर्चाने त्यावर पुस्तक छापलं, १८६३ मध्ये जिनिव्हात समिती स्थापन झाली, १८६४ मध्ये पहिला जिनिव्हा करार.

इथवर सगळे सांगतात. पुढचं कमी जण सांगतात. १८६७ मध्ये त्याचं दिवाळं निघालं, त्याच समितीतून त्याला बाहेर पडावं लागलं, मग अनेक वर्षं हलाखीत गेली. १९०१ मध्ये शांततेचं पहिलं नोबेल त्याला विभागून मिळालं तेव्हा तो एका लहान गावातल्या रुग्णालयाच्या खोलीत राहणारा एकाकी, कडवट म्हातारा होता. १९१० मध्ये तिथेच गेला. सेवा केली की मन शांत होतं, हे सूत्र त्याला लागू पडलं नाही. त्या जूनच्या दिवसांतही आत काय वाटतंय ते तपासायला त्याला सवड नसणार, कारण पाणी मागणारे फार होते.

म्हणून सेवा शोधताना ती मनाला काय देईल हे बघू नका, काम काय पडलंय ते बघा. तुम्ही हिशोबी आहात. कितीतरी लहान संस्थांमध्ये पावत्या पेटाऱ्यात कोंबलेल्या असतात आणि जमाखर्च लिहायला कोणी नसतं. तिथे महिन्यातून दोन शनिवार जा. हात हातात घ्यावा लागणार नाही, कोणाच्या डोळ्यांत बघावं लागणार नाही, फोटो निघणार नाही. ठरलेल्या वेळी जायचं, रकाने जुळवायचे, यायचं. सहा महिने तरी त्यावर मत बनवू नका.

मी काही वर्षं एका निवृत्त शिक्षकांना दर गुरुवारी वर्तमानपत्र वाचून दाखवायला जात होते. त्यांची दृष्टी गेली होती. सुरुवातीला मनातल्या मनात मी स्वतःची पाठ बरीच थोपटली. सर मात्र दर दोन ओळींनी माझे उच्चार सुधारायचे. अग्रलेख आवडला नाही तर असे चिडायचे, जणू मीच लिहिलाय. एकदा घसा बसला म्हणून गेले नाही. संध्याकाळी त्यांनी शेजाऱ्याकडून फोन लावून घेतला: मिठाच्या गुळण्या कर, तीनदा, आणि उद्या मला आवाज ऐकव. दुसऱ्या दिवशी मी खरंच फोन करून आवाज ऐकवला. ते म्हणाले, अजून एक दिवस. त्या आठवड्यापासून मी सेवेला जाणं बंद केलं आणि सरांकडे जायला लागले.

श्रद्धेबद्दल मी जपून बोलते. तुम्ही तीन वर्षं मागितलं आणि मिळालं नाही. याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ज्यांच्याकडे ते तयार असतं त्यांच्यापासून मी चार हात लांब राहते. पण मैत्रिणीबद्दल म्हटलं तेच इथेही थोडं लागू होतं. ज्याच्याशी आपण तीन वर्षं एकाच विषयावर बोललो, तो विषय संपल्यावर दोघंही गप्प बसतात. काय बोलावं सुचत नाही. म्हणजे संबंध तुटलाच असं नाही. तुटला असेल तर तेही मोकळेपणाने म्हणा. त्या घरातल्या माणसांच्या, मैत्रिणीच्या उपकारांची जाण ठेवायला देव मध्यस्थ लागत नाही.

तुमचं टोपणनाव वाचून मला मदर तेरेसांची पत्रं आठवली. १९९७ मध्ये त्या गेल्या आणि २००७ मध्ये त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली. त्यांत अंधाराचा, कोरडेपणाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. जवळजवळ अर्धशतक त्यांना देवाचं अस्तित्व जाणवत नव्हतं. तेव्हा अनेकांनी विचारलं, मग हे सगळं ढोंग होतं का? मला ते ढोंग वाटलं नाही. त्यांच्याशी न पटणारं माझं पुष्कळ आहे, पण या बाबतीत मी त्यांच्या बाजूने आहे. कशाचाही आधार जाणवत नसताना जी बाई पहाटे उठून कामाला लागते, तिचा भरवसा तिच्या उठण्यात असतो. तो तिला जाणवतो की नाही हा वेगळा प्रश्न. तुम्ही तेरेसा व्हावं असं अजिबात म्हणत नाही. एवढंच, की कोरडेपणा हा पुरावा म्हणून कच्चा आहे.

विश्वास 'बसतो' असंही आपण म्हणतो आणि विश्वास 'टाकतो' असंही. बसणं त्याचं त्याच्या मर्जीने होतं, टाकणं मात्र आपण करतो. त्या रात्री दारात चार अनोळखी, ओल्याचिंब बायका उभ्या राहिल्या आणि आतल्यांनी दार उघडलं. तुमच्यावर त्यांचा विश्वास बसायला वेळ तरी कुठे होता? त्यांनी टाकला. आणि तुम्हीही, ज्या घराच्या कड्या-कोयंड्यांची ओळख नाही अशा घरात पाठ टेकलीत. रात्रभर पैशांचा विचार करत होतात म्हणता, पण पहाटे डोळा लागलाच असेल. माझी खात्री आहे, लागला असेल. देवाबद्दल यातून मी काही सिद्ध करू बघत नाहीये. तुम्हाला जमत नाही असं जे तुम्ही म्हणताय, ते तुमच्या हातून एका रात्रीत होऊन गेलंय, इतकंच दाखवतेय.

व्यवहाराची एक गोष्ट राहिली. झोप आणि भूक दोन्ही बरेच दिवस बिघडलेली असतील, आवडीच्या कशातच जीव रमत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर हा कोरडेपणा नैराश्याचा असू शकतो आणि त्याला सल्ला सदर पुरेसं नाही. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा, आणि ते लांबणीवर टाकू नका. दीर्घ सेवाशुश्रूषेनंतर माणूस असा कोसळणं अगदी सामान्य आहे.

आता छत्री. सहलीची बस ज्यांची होती त्यांच्याकडे चालकाचा नंबर असेल, आणि बस कुठे बंद पडली ते चालक जन्मात विसरणार नाही. तिथून ती वस्ती सापडेल. पैशांचं पाकीट घेऊन जाऊ नका, ते पुन्हा घेणार नाहीत आणि तुम्ही पुन्हा रात्रभर जागाल. हवं तर आजींसाठी त्या रात्रीच्या फोटोंपैकी एक छापून न्या, असलाच तर. जाऊन बसा, त्यांनी जे पुढे ठेवलं ते नको-नको न म्हणता खा. आणि एकट्या जाऊ नका. मैत्रिणीला फोन करून काय मागायचं हा प्रश्न पडला असेल ना मघाशी? हेच मागा: मला एक छत्री परत करायची आहे, लांब आहे, येशील का?

पावसाच्या आत जा मात्र. त्यांनाही लागेल ती.